उदगीर ते पुरी, आणि मधले अण्णा नसलेले आठ तास

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या उदगीरलाही हाल काही कमी नव्हते. टँकर यायचा त्या दिवशी घरातलं कुणी ना कुणी सगळी कामं सोडून दारात उभं. अशाच एका दुपारी शेवटची घागर आत ठेवून आई ओट्याला टेकली आणि म्हणाली, "समुद्रात म्हणं लई पानी असतंय. एकदा दाखव की मला."

आई त्रेसष्ट वर्षांची, आणि समुद्र तिनं फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. अण्णा, म्हणजे माझे वडील (घरात लहानमोठे सगळेच त्यांना अण्णा म्हणतात), रेल्वेत गँगमन होते. पस्तीस वर्षं हातोडा खांद्यावर टाकून रूळ तपासत चालले. निवृत्तीनंतर त्यांना दर वर्षी प्रवासाचा पास मिळतो, तो दर वर्षी तसाच वाया जायचा. "रुळानंच चाललो की जन्मभर, आता बसून कुठं जायचं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या दिवशी मात्र आईचं बोलणं ऐकून ते म्हणाले, "जगन्नाथाला जाऊ. देव पन व्हईल आन समुद्र पन."

मी शाळेत शिकवते, त्यामुळे सुट्टी होती. माझी अकरा वर्षांची ओवी बरोबर. नवऱ्याला मागं ठेवावं लागलं, कारण टँकरला माणूस पाहिजेच. तो म्हणाला, "तुम्ही समुद्र बघा, मी बॅरल बघतो."

जाणाऱ्यांसाठी मार्ग सांगते. उदगीरहून बिदर, विकाराबादवरून सिकंदराबाद. तिथून संध्याकाळची भुवनेश्वरकडची गाडी. दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्दा रोडला उतरायचं, आणि तिथून पुरी तासाभरावर. वेळा बदलत असतात, तेवढ्या तपासून घ्या. पासवाल्यांचं आणि आपलं आरक्षण एकाच डब्यात हवं असेल तर खिडकीवर जाऊन एकत्रच करा. आम्हाला एस-सहामध्ये चार जागा मिळाल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे दोन दिवस सहज पुरतात.

जहीराबादचे एक गृहस्थ समोर बसले होते. आम्ही उदगीरचे म्हटल्यावर त्यांनी आधी पाण्याच्या गाडीची चौकशी केली, मग म्हणाले, "हमारे यहाँ नए जिले होने वाले हैं. आपका उदगीर कब?"

"होईल की," अण्णा म्हणाले. "आमी शाळेत होतो तवापासून होऊन राह्यलाय."

सिकंदराबादला गाडी बदलली. तिथपर्यंत मी अण्णांना एखाद्या बॅगेसारखंच सांभाळत होते, हे आज कबूल करते. अण्णा, इथं बसा. अण्णा, दारात जाऊ नका. रक्तदाबाची गोळी माझ्या पर्समध्ये, त्यांचे पैसे माझ्याकडे, फोन मी चार्जिंगला लावलेला. तेही सगळं ऐकत होते.

सकाळी विशाखापट्टणम आलं. इथं इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट निघते. आम्ही परत चाललो की काय, म्हणून ओवी घाबरली. अण्णांनी तिला बोटानं हवेत रूळ काढून सगळं समजावलं. त्या अर्ध्या तासात ते जेवढं बोलले, तेवढं आदल्या अख्ख्या दिवसात बोलले नव्हते.

पुढचं मोठं स्टेशन विजयनगरम. मी खिडकीतून चहा घेत होते, आईची वेणी अर्धी झाली होती. गाडी सुटली. चहाचा एक कप उरला, तेव्हा ओवी म्हणाली, "अण्णा कुठंयत?"

संडासाकडे पाहिलं. पलीकडच्या दारात पाहिलं. मागच्या डब्यापर्यंत धावत जाऊन आले. तेवढ्यात शेजारच्या बर्थवरच्या बाई हिंदीत म्हणाल्या, "ते म्हातारे बाबा? नळाकडं गेले होते. चढताना दिसले नाहीत."

वय अडुसष्ट, जवळ फोन नाही, पैसे नाहीत, गोळी नाही. मी साखळीकडे हात नेला आणि आईनं माझं मनगट धरलं. घट्ट.

"वढायची न्हाई."

"आई, अण्णा मागं राहिलेत!"

"ते कळलंय मला. तेंनी जन्मात कुनाला साखळी वढू दिली न्हाई, आन तू तेंच्याचपायी वढनार?"

"अगं, त्यांच्याकडं काहीसुद्धा नाही."

"जीभ हाय ना? तेलगू येतंय तेंना. आन टेसनावर हायत, रानात न्हाईत."

तेलुगू येतं, हे खरंच होतं. दक्षिण मध्य रेल्वेत निम्मे सोबती तेलुगू, तंबूतलं राहणं, एका चुलीवरचं जेवण, त्यातून शिकलेले. पण मला ते त्या क्षणी आठवलंही नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त गोळ्यांची पट्टी होती.

तिकीट तपासनीस तरुण होता. त्यानं नाव, वय, सदऱ्याचा रंग लिहून घेतला आणि फोन लावत पुढं गेला. नंतरचा तास कसा गेला ते लिहिता येत नाही. खिडकीबाहेर नारळ, तळी, हिरवी भातखाचरं, आमच्याकडे स्वप्नातही न दिसणारं असं सगळं सरकत होतं आणि मी ते पाहतसुद्धा नव्हते. आईनं वेणी पूर्ण केली. ओवीला दशमी दिली. स्वतः खाल्ली नाही.

मग तो तपासनीस हसतच आला. "आपके पिताजी रेल्वे के आदमी हैं क्या?"

"हाव," आई म्हणाली. "पस्तीस वर्सं."

"विजयनगरम के स्टेशन मास्टर का फोन था. पीछेवाली गाडी में बिठा रहे हैं. डबा नंबर, बर्थ नंबर, सब मुँहजबानी बताया उन्होंने. लेकिन बोले, पहले नल का वायसर बदलो, फिर जाऊँगा."

डबा हसला. मी रडले. आईनं नुसता पदर सारखा केला.

खुर्दा रोडला आम्ही उतरलो आणि सामान घेऊन बाकावर बसलो. इथं फलाटावर डालमा, म्हणजे भाज्या घालून शिजवलेली डाळ, आणि भात मिळतो. चांगला असतो म्हणे. आम्ही घेतला, पण चव आठवत नाही. दोन-अडीच तासांनी मागची गाडी आली. अण्णा तिसऱ्या डब्यातून सावकाश उतरले. हातात पानात बांधलेली पुडी.

"आलात?" आई म्हणाली.

"आलो."

"जेवलात का?"

"इडली खाऊ घातली तेंनी. तुझ्यासाठी बी आनली."

तेवढंच. मी मात्र सोडलं नाही. "अण्णा, उतरलातच का?"

"नळ चालू होता गं. पार धो धो. लोक हात धुऊन तसंच चालले. बंद करू गेलो, तर तोटी फिरतच न्हवती. अंगठा दाबून मानूस हुडकत होतो, तवर गाडी हलली."

"मग पळायचं ना!"

"पळालो न्हाई." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "पळून गाडी धरनारी मानसं मी रुळावरून उचललीत, बाई. तीन येळा. तवा ठरवलं होतं, गाडी गेली तर जाऊ द्यायची."

पस्तीस वर्षांत हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. पुरीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली, आणि तिचे खांदे हलत होते. अण्णांनी पुडी सोडून इडली तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती न बघताच खाल्ली.

पुरीत दोन दिवस राहिलो. समुद्राजवळ धर्मशाळा आणि लॉज भरपूर आहेत. खोली आधी पाहा, मगच हो म्हणा. मंदिरात फोन, चपला, चामड्याचं काही चालत नाही, ते खोलीवरच ठेवून निघा म्हणजे रांगेतला वेळ वाचतो. पंडे मागं लागतात. अण्णा त्यांच्याशी तेलुगूत बोलायला लागले की ते आपोआप पांगायचे. मातीच्या मडक्यातला महाप्रसाद मंदिराच्या आवारातल्या आनंद बाजारात जमिनीवर बसून खाल्ला. आणि संध्याकाळी एक माणूस मंदिराकडे पाठ करून उंच शिखरावर चढला आणि त्यानं ध्वज बदलला, तेव्हा अण्णांनी दोन्ही हात जोडले. मला वाटलं देवाला. ते म्हणाले, "त्या मानसाला. काम हाय ते."

पण खरी गोष्ट सकाळच्या समुद्राची. पाण्याला ओढ फार असते, म्हणून उंच टोपी घातलेले कोळी जीवरक्षक काठावर असतात. त्यांना सोडून आत जाऊ नका. आई वाळूत बराच वेळ नुसती उभी होती. पहिल्या लाटेचं पाणी तिनं ओंजळीत घेतलं, चाखलं आणि थुंकलं.

"एवढं समदं खारट?"

"हाव," अण्णा म्हणाले.

"मग कुनाच्या काय कामाचं हे?"

"बघायच्या."

मग अण्णांनी हात पुढं केला. चारचौघांत आई-वडिलांना हातात हात घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आई आजूबाजूला बघून घेऊन हसली, लुगड्याचा काठ खोचला, आणि दोघं गुडघाभर पाण्यात गेले. लाट आली की आई ओरडायची, अगदी ओवीसारखी. मी फोन काढला आणि परत ठेवून दिला. तिला तसं ओरडताना मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि ते मला नीट ऐकायचं होतं.

येताना कुणी कुठं उतरलं नाही. उदगीरला नवरा स्टेशनवर आला होता, उन्हानं काळवंडलेला. टँकर तीन दिवस आलाच नव्हता. त्या रात्रीपासून आम्ही परत तांबे मोजून अंघोळ करू लागलो. पाऊस यायला पुढं महिना-सव्वा महिना लागला.

आई गल्लीत समुद्राबद्दल फार सांगत नाही. "खारट हाय," एवढंच म्हणते आणि विषय स्टेशनवर आणते. त्या स्टेशन मास्टरनं अण्णांना स्वतःची खुर्ची दिली होती, हे तिच्याकडून आता सगळ्यांना पाठ झालंय. अण्णांची गोळी त्यांच्या खिशात असते, पैसे त्यांच्याकडे. मी तो उद्योग सोडला.

मागच्या आठवड्यात ते एकटेच कंधारला पाहुण्यांकडे निघाले. मी सवयीनं माझा नंबर चिठ्ठीवर लिहायला घेतला, मग लाज वाटून कागद बाजूला सारला. आईनं तो उचलून माझ्यापुढं ठेवला.

"लिही, लिही," ती म्हणाली. "कंधारला रेल्वे न्हाई."