मोराची नऊ पिसं

नाशिक शहरात वीज वाचवण्याचं सगळ्यात मोठं काम कोणी केलं असेल, तर ते माझ्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या मामांनी. नव्वद सालानंतरची दहा वर्षं तरी हे काम अखंड चालू होतं. संध्याकाळी मामा मेन रोडला उतरले, की त्यांच्या पुढेपुढे दुकानांच्या झगमगत्या पाट्या विझत जायच्या. तसा त्यांचा मुळीच इरादा नसायचा. उलट ते बिचारे त्या पाट्यांचे फोटो काढायला जायचे. पण अंगात सातपूरच्या कारखान्यातला खाकी शर्ट, खांद्यावर कॅमेऱ्याचा स्टँड, हातात वही आणि पाटीखाली उभं राहून मान वर करून नळ्या मोजायची सवय. दुकानदाराला वाटायचं, आलं वीज मंडळाचं भरारी पथक. ज्याचं मीटर अगदी स्वच्छ, तोसुद्धा आधी खटका दाबायचा आणि मग विचार करायचा. मामी शंभरदा म्हणाल्या असतील, "अहो, निदान तो शर्ट तरी बदला." मामा म्हणायचे, "याला चार खिसे आहेत. रोल काय डोक्यावर ठेवू?" आणि शर्ट काही बदलला नाही.

निऑनच्या पाट्यांचं त्यांना वेडच होतं. काचेची नळी आचेवर धरून हातानं वाकवायची, तिचं अक्षर करायचं, हे त्यांना कुठल्याही मूर्तिकामाइतकं मोठं वाटे. फोटो काढायचा तो फक्त दिवेलागणीला, पंधरा-वीस मिनिटांत. "आभाळ निळं असताना पाटी लागली पाहिजे. काळ्या आभाळात काय, कोणीही चमकतं," असं ते म्हणत. एका पाटीला एकच फोटो. त्यात माणूस आलेला चालत नसे. देवळाली कॅम्पात एकदा फौजींनी त्यांना तासभर बसवून ठेवलं. मामांची तक्रार अटकेबद्दल नव्हती, तेवढ्यात आभाळ काळं झालं याबद्दल होती. माझ्या लग्नात त्यांनी एकच फोटो काढला, मंगल कार्यालयाच्या पाटीचा. त्यात एकही नातेवाईक नाही, त्यामुळे तो आमच्या घरात दोन्ही बाजूंना सारखाच आवडतो.

लग्नानंतर या कामात मी ओढला गेलो. जावयाचा मान म्हणून मामा मला अहोजाहो करत. "जावईबापू, तुम्ही नुसते या, बसा," असं म्हणून ते माझ्या स्कूटरवर मागे बसायचे आणि उतरल्यावर स्टँड माझ्या खांद्यावर द्यायचे. मामी कपाळावर हात मारून घ्यायच्या. "जावयाचा हमाल केला हो यांनी!" पण खोटं कशाला सांगू, मलाही त्यात गोडी लागली होती.

मग दोन हजार साल उलटलं आणि फ्लेक्स आला. दर आठवड्याला एखादी पाटी उतरायची आणि तिथं कोणा भाऊंचा हसरा चेहरा लागायचा. त्याच सुमारास मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा. दिवसा मामांचं बरं चाले. दिवेलागणीला मात्र पंचाईत. "उजेड दिसतो हो, पाटी दिसत नाही," एवढंच ते एकदा म्हणाले. आणि अजून मोर राहिला होता.

हा मोर म्हणजे येवल्याच्या एका विणकर घराण्यानं मेन रोडला थाटलेल्या पैठणीच्या दुकानावरची पाटी. आधी निळी मान लागायची, मग एकेक करत नऊ पिसं, मग सगळं विझून पुन्हा पहिल्यापासून. दहा वर्षांत मामांना तो पूर्ण फुललेला कधी मिळाला नाही, कारण चौथ्या-पाचव्या पिसापर्यंत मालकाला खाकी शर्ट दिसलेला असायचा. अन् एक दिवस मला कळलं, उद्या मोर उतरवणार.

त्या संध्याकाळी मी आधी दुकानात शिरलो आणि शेटजींना सगळं सांगितलं. ते बाहेर येऊन मामांकडे बघतच राहिले. "अरे देवा, हे तुम्ही होय? आम्ही तर तुम्हाला बघितलं की घरच्या चक्कीचंसुद्धा बटण बंद करायला लावायचो." मामांसाठी त्यांनी खुर्ची मागवली. मामा बसले नाहीत. स्टँड लावला, कॅमेरा मी सरळ केला, बटण मामांच्या अंगठ्याखाली.

"नऊ लागली की सांगा," ते म्हणाले. "त्याआधी मी दाबणार नाही."

मोर फुलू लागला. सात पिसं लागली आणि उरलेली दोन काही केल्या लागेनात. दुसऱ्या फेरीला तेच, तिसऱ्या फेरीला तेच. जुन्या नळ्या, त्यांनी आधीच राम म्हटला होता. वरचं आभाळ निळ्याचं काळं होत चाललं. खरं सांगितलं असतं तर हा हट्टी माणूस कॅमेरा गुंडाळून घरी गेला असता, रिकामा.

"लागली का?"

"लागली, मामा. नऊच्या नऊ."

त्यांनी बटण दाबलं.

आठवड्यानं फोटो धुऊन आला. मामा गॅलरीतल्या उन्हात भिंग घेऊन बसले आणि बोट ठेवत पिसं मोजू लागले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. बोट सातव्या पिसावर थांबलं, पुढे सरकलं, परत मागे आलं. मी म्हणालो, "मामा, चुकलं माझं."

मामांनी फोटो उलटा केला. प्रत्येक फोटोच्या मागे ते स्वतः टिपण लिहीत. कोणती पाटी, किती नळ्या, किती विझलेल्या, आणि शेवटी 'पाहिली' असं लिहून स्वतःची सही. त्या दिवशी त्यांनी पेन माझ्यापुढे केलं.

"लिहा. मोर. पिसं नऊ, लागलेली सात."

मी लिहिलं.

"मला त्या दिवशी एकही दिसलं नव्हतं, जावईबापू," मामा म्हणाले. "तुम्हाला सात दिसली. खाली लिहा, जावयाने पाहिली. आणि सही करा."

त्यानंतर मामांनी कॅमेरा हातात घेतला नाही. फोटोंचे सगळे खोके आता आमच्याकडे आहेत, आणि तेवढ्या एकाच फोटोच्या मागे माझं अक्षर आहे.