गरुडवीराच्या उड्डाणाला हुसेनभाई

गरुडवीर कड्याच्या टोकावर आला, त्यानं दोन्ही हात पसरले आणि आवाज गेला.

चित्र चालू होतं. गरुडवीर उडालासुद्धा. पण मुका उडाला. तंबूत शिट्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ "ए ऑपरेटर!" असा पुकारा. तो ऑपरेटर मी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी एका टुरिंग टॉकीजवर प्रोजेक्टर चालवायचो. टुरिंग टॉकीज म्हणजे फिरतं थिएटर. गावाच्या पटांगणात तंबू ठोकायचा, पडदा लावायचा, लोक खाली मातीत बसायचे. लोकांना पिक्चर आवडेनासा झाला की तंबू गुंडाळून पुढचं गाव. तेव्हा आमचा मुक्काम पिरंगुटला होता. मी जवळच्याच चांद्याचा. परवाना असलेला ऑपरेटर म्हणून मला मुळशी तालुक्यात मान आहे, असं माझं मला वाटायचं.

आवाज का गेला ते मला लगेच कळलं. फिल्मच्या कडेला एक बारीक पट्टी असते, तिच्यात आवाज असतो. त्या पट्टीवर एक छोटा दिवा उजेड पाडतो आणि त्या उजेडाचा मशीन पुन्हा आवाज करतं. त्या दिव्याला एक्सायटर लॅम्प म्हणतात. तो उडाला होता. बदलायला दोन मिनिटं लागतात. मी स्पेअर लॅम्पचं खोकं उघडलं, लॅम्प बसवला. उजेड नाही. तोही उडालेला.

यात नशिबाचा काही संबंध नव्हता. आमच्या मालकांची पद्धत अशी, की जुना लॅम्प दाखवल्याशिवाय नवा मिळायचा नाही. म्हणून उडालेला लॅम्प आम्ही कधी फेकत नसू. नव्याच्याच खोक्यात घालून ठेवायचा आणि मालक आले की दाखवायचा. मागच्या गावात मी दाखवायचा विसरलो होतो. खोकं नवं आणि माल जुना, अशी गत.

तेवढ्यात मालक केबिनपाशी आलेच. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. पुण्याचे. एरवी शुद्ध बोलायचे, चिडले की आणखी शुद्ध.

"गायकवाड, आवाजाचं काय झालं?"

"लॅम्प गेला, भाऊसाहेब."

"मग दुसरा लावा."

"दुसराबी गेलाय."

"दुसरा कधी गेला?"

मी पुन्हा खोक्यात हात घातला, तेवढ्यात तंबूत क्लॅरिनेट वाजलं.

वाजवणारे हुसेनभाई. पिरंगुटच्या लग्नाच्या बँडचे मास्तर. त्या दिवशी शेजारच्या रिहे गावात एक वरात वाजवून आले होते आणि तसेच पिक्चरला येऊन बसले होते. अंगात बँडचा लाल कोट, मांडीवर क्लॅरिनेट. पडद्यावर गरुडवीर मुकाट उडतोय हे त्यांना बघवेना. उभे राहिले आणि वाजवू लागले. चाल वरातीतलीच, नवरदेव वेशीतून आत येतो तेव्हाची. शेजारी त्यांचा ढोलवाला होता, त्यानंही ढोल पुढं घेतला.

गरुडवीर डोंगरावरून वळला, तसे हुसेनभाई सुरांत वळले. तो खाली झेपावला, तसं क्लॅरिनेट वरून घसरत खाली आलं. तंबू उठून उभा राहिला. टोप्या उडाल्या. कोणी पटके उडवले. अकरा वर्षं मी मशीन चालवत होतो. माझ्या एकाही रिळाला कोणी टोपी उडवली नव्हती.

आता या पिक्चरबद्दल दोन शब्द. गरुडवीर हा मुळात चित्रकथांच्या पुस्तकांतला वीर. एरवी साधा कारकून, संकट आलं की पाठीला पंख. त्याच्यावर हिंदीत पिक्चर निघाला म्हटल्यावर पुस्तकं वाचणारे आधीपासूनच दात धरून बसले होते. त्यांचा म्होरक्या रिह्याचा नामदेव. पिरंगुटला नव्यानं आलेल्या एका कारखान्यात वेल्डर. मिशा फुटलेला, संसारी माणूस, पण गरुडवीराचा प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायचा. पहिल्या शोनंतर तो थेट केबिनपाशी आला होता, जसा काही पिक्चर मीच काढला होता.

"पुस्तकात पंख तांबडं हायेत. हितं निळं कशापायी?"

"मला काय ठावं?"

"आन त्याचा कुत्रा कुटं गेला?"

"न्हाई घेतला."

"आन उडताना त्ये व्हायोलिन? गडी उडतोय का सासरी चाललाय?"

व्हायोलिनचं मात्र त्याचं खरं होतं. प्रत्येक उड्डाणाला तेच रडकं संगीत. पिक्चरमध्ये उड्डाणं चार होती, म्हणजे रडणं चार वेळा.

लॅम्प गेला त्या दिवशी बाकीचा पिक्चर असाच पार पडला. बोलणं ऐकू येत नव्हतं तिथं नामदेव उभा राहून पुस्तकातले संवाद तोंडपाठ म्हणत होता आणि उड्डाण आलं की हुसेनभाई. शो सुटल्यावर लोक हुसेनभाईंना खांद्यावर घेऊन बाजारातून फिरवायला निघाले. केबिनकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. बरोबरच आहे, बिघाड माझा होता. पण त्या वेळी मला ते बरोबर वाटलं नाही. माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि ते पुढं बरेच दिवस थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं पुण्याहून नवा लॅम्प आला. मी तो बसवला, आवाजाची पट्टी वाचणारा साउंड हेड पुसला, आवाज असा स्वच्छ केला की दाराशी उभ्या माणसाला गरुडवीराचा श्वास ऐकू यावा. पहिलं उड्डाण आलं. व्हायोलिन सुरू झालं.

"बंद कर ती रडारड!" नामदेव ओरडला. "हुसेनभाई कुटं हायेत?"

मग सगळा तंबूच ओरडायला लागला. हुसेनभाई दारापाशी उभे होते, कोट नव्हता, पण क्लॅरिनेट होतं. भाऊसाहेबांनी मला न विचारताच निकाल लावला.

"गायकवाड, उड्डाणाला तुमचा आवाज बंद करायचा. हुसेनभाई हात वर करतील तेव्हा बंद, हात खाली आला की चालू. चालवणं-थांबवणं सगळं त्यांच्या हातावर. समजलं?"

समजलं. परवाना माझा, मशीन मी चालवणार आणि हात वर करणार बँडवाला.

त्या दिवसापासून पिक्चरचं नाव कोणी घेईना. "हुसेनभाईचा पिक्चर बगाय चाललोय," असं म्हणत माणसं यायची. रिह्याहून, चांद्याहून बैलगाड्या भरून यायची. हुसेनभाईंना चहा बसल्या जागी मिळायचा. मला तो मागवायला लागायचा. हुसेनभाई स्वभावानं इतके साधे की त्यांच्यावर रागावायलाही धड जागा नव्हती. येता-जाता केबिनच्या भोकातून विचारायचे, "काय ऑपरेटर, बरं हाय न्हवं?" मी आणखी जळायचो.

चौथ्या दिवशी माझी बायको शकुंतला आली. लग्नाला चार वर्षं झाली होती, तोवर माझा एकही शो तिनं बघितला नव्हता. सुटल्यावर शेजारणींच्या घोळक्यातून केबिनपाशी आली. तोंड फुललेलं.

"लई ग्वाड वाजिवतोय की ओ त्यो मानूस! कोन हाय त्यो?"

"बँडवाला हाय."

"आन तुमी कुटं हुता?"

"हितंच. केबिनमदी."

"मंग तुमी काय करत हुता?"

ती सहज विचारत होती. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच घटकेला मी ठरवलं, की या माणसाची फजिती करायची.

आमचं मशीन जुनं होतं. त्याच्या मोटरला रेग्युलेटर होता. पिक्चर कमी-जास्त वेगानं पळवता यायचा. एरवी तसं करता येत नाही, कारण फिल्म पळाली की आवाज चिरका होतो आणि लोकांना लगेच कळतं. पण उड्डाणाला माझा आवाज बंदच असायचा. म्हणजे वेग माझा, आणि बघणाऱ्याला पत्ता नाही.

पाचव्या दिवशी मी गरुडवीर पळवला. वाटलं, हुसेनभाईंचा दम तुटेल, सूर मागं राहतील, लोक हसतील. हुसेनभाईंनी एकदा पडद्याकडे बघितलं, गाल फुगवले आणि चाल दुप्पट केली. ढोलवाला घामानं भिजला. लोक मातीत नाचायला लागले. "पुन्यांदा दाखवा!" म्हणून ओरडले, आणि भाऊसाहेबांनी मला रीळ मागं घेऊन पुन्हा दाखवायला लावलं.

सहाव्या दिवशी मी उलटं केलं. तिसऱ्या, सगळ्यांत मोठ्या उड्डाणाला रेग्युलेटर हळूहळू खाली आणला. गरुडवीर हवेत रेंगाळू लागला. मनात म्हटलं, आता लांबव किती लांबवतोस ते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. प्रोजेक्टरमध्ये फिल्मच्या मागं कार्बनच्या दोन कांड्या जळत असतात, त्यांचाच उजेड पडद्यावर जातो. त्याची आच इतकी असते, की फिल्म सरकती राहिली तरच वाचते. वेग कमी झाला तर मध्ये एक पत्रा पडतो आणि आच अडवतो. त्याला सेफ्टी शटर म्हणतात. आमचा जनरेटर दमला की ते उगाचच पडायचं आणि लोक शिव्या द्यायचे. म्हणून मी ते तारेनं वर बांधून ठेवलं होतं. सगळेच ऑपरेटर बांधायचे. आणि त्या दिवशी माझं लक्ष मशीनकडे नव्हतं. मी भोकातून हुसेनभाईंचा घामेजलेला चेहरा बघत होतो, कधी दम तुटतो म्हणून.

गरुडवीर हवेत थांबला. छातीवर एक तपकिरी ठिपका आला. ठिपक्याचं भोक झालं, भोक पंखांपर्यंत गेलं आणि पडदा पांढरा पडला.

प्रिंट वितरकाची. ऑपरेटरच्या चुकीनं जळली तर नोकरी जाते आणि तक्रार परवान्यापर्यंत पोचते. मला दुसरं काही येत नव्हतं. मी कार्बन विझवले, जळका तुकडा कापला आणि जोड लावायला बसलो.

तंबूत मात्र शिटी नाही. पडद्यावर काहीच नसताना हुसेनभाई वाजवत होते. थांबले नाहीत. लोक काळ्या पडद्याकडे बघत ऐकत होते. माझा जोड होईपर्यंत त्यांनी तंबू धरून ठेवला.

मी रीळ थोडं मागं घेऊन मशीन चालू केलं. घाईत मी चांगली फिल्मही इतकी कापली होती, की मोठं उड्डाण जवळजवळ सगळंच गेलं होतं. गरुडवीर कड्यावर उभा, आणि लगेच पुढच्या क्षणी खाली, खलनायकाची मानगूट धरून. आता ओरडतील.

"आता कसं!" नामदेव उठून उभा राहिला. "पुस्तकात अस्संच हाय! एका चौकटीत वर, दुसऱ्या चौकटीत खाली. मदलं दाखवतच न्हाईत. शाब्बास रे ऑपरेटर!"

आणि टोप्या उडाल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा, माझ्यासाठी.

शो सुटल्यावर भाऊसाहेब जळका तुकडा बोटांत धरून उभे राहिले.

"गायकवाड, हे कसं झालं?"

मी तोंड उघडायच्या आत हुसेनभाई पुढं झाले.

"भाऊसाहेब, मीच हात केला. पिपानीची पत्ती सरकली, म्हनलं जरा थांब. त्यो थांबला. तुमीच सांगितलं हुतं न्हवं, माज्या हातावर चालव म्हनून?"

भाऊसाहेबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. हुकूम त्यांचाच होता. "उद्यापासून हात फक्त आवाजासाठी," एवढं शुद्ध बोलून ते गेले. वितरकाला त्यांनी काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. माझी नोकरी राहिली.

हुसेनभाई आपली पिपाणी, म्हणजे ते क्लॅरिनेट, पुसत बसले होते. फुंकायच्या टोकाची पत्ती जागच्या जागी होती. मी जवळ गेलो. माफी मागायची होती.

"काल पळिवलास, आज हळू केलास," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला माजं वाजिवनं आवडाय लागलं. म्हनून उड्डान लांबिवतोयस."

खरंच तसं वाटलं होतं, की मला वाचवायला म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही. मी "व्हय" म्हणालो.

पुढं बऱ्याच नव्या ऑपरेटरांना मी काम शिकवलं. उडालेला लॅम्प नव्या खोक्यात ठेवायचा नाही, शटर तारेनं बांधायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायचो. आणि शो चालू असताना भोकातून फक्त पडदा बघायचा, माणसं नाही. का, असं कुणी विचारलं, तर आच लागते म्हणायचो. कुणाला लागते ते सांगायचो नाही.