गारगोटीचं स्थळ आणि रुंद टायर

मला सात मुलींनी नाकारलं, आणि त्यातल्या एकीनंही माझा चेहरा नीट बघितलेला नव्हता. "शेती आणि म्हशी" एवढं ऐकूनच स्थळं परत जायची. वय बत्तीस. गडमुडशिंगीत माझ्या बरोबरीच्यांची पोरं शाळेत जायला लागलेली. म्हणून गारगोटीचं आठवं स्थळ आलं तेव्हा मी ठरवलं, माझ्याकडं बघून नको, गाडीकडं बघून तरी ह्यांनी होय म्हणावं.

गाडी म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, जुनी पिकअप. वयानं माझ्यापेक्षा मोठी आणि (आईच्या मते) स्वभावानं बरी. तिनं आयुष्यभर दुधाचे कॅन वाहिले. तिला मी नवा हिरवा रंग मारला आणि वर रुंद चाकं, रुंद टायर बसवून घेतले. टायर बॉडीच्या बाहेर चार बोटं आलेले. काय ती ऐट! मिस्त्री म्हणाला, मागं माणसं बसवून एकदा चालवून बघूया. मी म्हटलं, कशाला? आम्ही पाचच तर जणं जाणार.

पाच जणं! मुलगी बघायला पाच जणं जातात यावर आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात माझाच विश्वास असणार. सकाळी दारात मला धरून तेरा माणसं नटून उभी. दोन चुलते, दोन मामा, त्यांच्या बायका, शेजारचे अण्णा (त्यांना गारगोटीत दुसरं काम होतं) आणि मोठी आत्ती. आबांच्या ह्या थोरल्या बहिणीनं मान हलवल्याशिवाय आमच्यात सोयरीक होत नाही, आणि आत्ती स्वतः हलली की गाडीही हलते. कुणाला नको म्हणणार? आबा-आई पुढं बसले, बाकीचे मागं सतरंजीवर.

पहिल्याच स्पीड ब्रेकरला मागून खर्रर्र आवाज आला. पाठोपाठ जळक्या रबराचा वास. उतरून बघितलं, तर वजनानं बॉडी खाली बसलेली आणि मडगार्डची कड टायर सोलून काढत होती. मोकळ्या गाडीला काही होत नव्हतं, माणसं चढली की घासत होतं.

आबांनी टायरकडं बघितलं, मग माझ्याकडं. "टायर फुटला तर मुलगी न्हाय, डॉक्टर बघाय लागंल," ते म्हणाले.

परत फिरावं, तर बाराच्या आत पोचतो म्हणून शब्द दिलेला. आठवंही स्थळ गेलं, असं मला वाटलं आणि खरंच रडू यायला लागलं. तेव्हा आत्तीनंच तोड काढली. सपाट रस्त्याला सावकाश जायचं, स्पीड ब्रेकर आला की सगळ्यांनी उतरायचं, गाडी मोकळी पलीकडं न्यायची आणि परत चढायचं.

आता आमच्याकडं शाळा, देऊळ आणि सरपंचाचं घर, तिन्हीपुढं स्पीड ब्रेकर असतो. वाटेत गावं किती! दर वेळी मी उतरून आत्तीला हाताला धरून खाली घ्यायचो आणि पलीकडं परत वर चढवायचो. गावोगाव लोक विचारायचे, पावणं, धक्का मारू काय? निम्म्या वाटेत माणसं इतकी तयार झाली, की मी ब्रेकवर पाय ठेवायचा अवकाश, मागचा हौदा रिकामा!

बाराला पाच मिनिटं असताना पोचलो. मुलीकडची मंडळी दारात उभी. आणि त्यांच्या दाराच्या दहा पावलं अलीकडं स्पीड ब्रेकर.

झालं. सगळे सवयीनं उतरले, मी गाडी पलीकडं घेतली, आणि काय सांगू, सगळे सवयीनं परत चढले! आत्तीसुद्धा. दहा पावलांसाठी. दारात गाडी थांबली आणि सगळे पुन्हा उतरले. मुलीच्या वडिलांनी हात जोडले होते, ते तसेच राहिले.

पोहे घेऊन मुलगी आली. मी खाली मान घालून बसलेलो. तिनं सरळ विचारलं, "गडमुडशिंगीपास्नं असंच आलासा?"

"व्हय," मी म्हटलं.

"आणि आत्तींना दर वेळी तुम्हीच उतरवलं?"

"व्हय. टायर मीच बसवलेत, मग कोण उतरवणार?"

ती हसली. हसताना तिनं माझ्याकडं बघितलं, चांगलं नीट बघितलं. मग ती आत गेली, तिचे वडीलही आत गेले. बाहेर कुणी पोह्याला हात लावेना.

ते बाहेर आले आणि आबांना म्हणाले, "पोरगा पसंत हाय. फकस्त लग्नाला वऱ्हाडासाठी गाडी आमी धाडतो."

"चालंल की!" आबांच्या आधी मीच बोललो, आणि आत्तीनं मान हलवली. जीव भांड्यात पडला माझा. आमच्या सगळ्या माणसांनी एकदमच सुटकेचा निःश्वास सोडला. तो माझं लग्न ठरलं म्हणून सोडला, असं मी आजही धरून चालतो.