लढून आलेलं यान

महाडहून पोलादपूरला जाताना हायवेलगत एका कारागिराचं गाड्यांच्या डेंटिंगचं दुकान होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मी शाळामास्तर. स्कूटरचा चेपलेला पत्रा ठोकून घ्यायला गेलो, तर फळीवर एक अंतराळयान दिसलं. मुंबईत कामाला असताना पाहिलेल्या इंग्रजी सिनेमातलं यान त्याने शाम्पूच्या बाटल्या आणि जुन्या रेडिओचे भाग जोडून केलं होतं. अंगभर गोळ्यांची भोकं होती, एक पंख जळका होता.

"एवढं छान केलंत, मग मोडलंत कशाला?" मी विचारलं.

"मोडलेलं नाय, गुरुजी. लढून आलेलं हाय. नवंकोरं कोण पण बनवंल." मग कुठली गोळी कुठून आली, ते त्याने बोट ठेवून ठेवून दाखवलं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी ते मागून नेलं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी पाहतो तर आमच्या शिपायाने दया येऊन सगळी भोकं बुजवलेली, वर पांढराशुभ्र ऑइलपेंट!

परत करताना, शिपायाचा पराक्रम सांगताना माझी मान वर होईना. त्याने यान उजेडात धरून हात फिरवला. मग म्हणाला, "हात साफ हाय हो त्याचा! एक भोक दिसत नाय."

त्याने खिळा तापवला, पकडीत धरला आणि पकड माझ्या हातात दिली. "पहिली गोळी तुम्ही मारा, गुरुजी."

मी खिळा टेकवला. चर्रकन आवाज झाला, आणि माझ्या तोंडून "ढिश्क्यांव" कधी निघालं ते मलाच कळलं नाही.