अवरेकायच्या दुपारी

अवरेकायच्या मोसमात आमच्या राजाजीनगरच्या बिल्डिंगच्या जिन्यात दोन ढीग वाढतात. एक सालींचा, एक किश्शांचा. साली सकाळी कचऱ्याची गाडी नेते. किस्से मात्र मलाच सांभाळावे लागतात.

अवरेकाय म्हणजे आपल्या पावट्याचा इथला भाऊ. दाणे रात्रभर भिजवायचे आणि दुपारी चिमटीत दाबून एकेक सालीतून बाहेर काढायचा. हे काम एकटीने करायचं नाही, असा तळमजल्यावरच्या सरोजाक्कांचा दंडक. त्यांचं मराठी घराणं पिढ्यानपिढ्या बेंगळुरूतलं. मी नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी सांगलीहून आलेली.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. बाजारातून सोललेले दाणेच पिशवीभर आणले.

"बघा अक्का, काम वाचलं!"

अक्कांनी पिशवीत डोकावलं. "सरी, बरं झालं. मग बोलणार कधी?"

खरं होतं ते. डोळे दाण्यांवर असले की समोरच्याकडे बघावं लागत नाही. घरी कधी बोलले नसते असं कितीतरी मी त्या परातीपाशी बोलून मोकळी झाले आहे.

*

आमचे हे रिटायर्ड इंजिनिअर. त्यांना आमचं काम बघवेना. सायकलची ट्यूब आणि मिक्सरची जुनी मोटर जोडून त्यांनी यंत्र केलं. चाललंही! एक दाणा अक्कांच्या चष्म्यावर बसला, पण परात बघता बघता रिकामी.

अक्कांनी चष्मा पुसला. "छान आहे हो. आता चार वाजेपर्यंत आम्ही करायचं काय, त्याचंही एक यंत्र करा."

यंत्र माळ्यावर गेलं.

*

गेल्या हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावरची मुग्धा आली, म्हणजे तिच्या नवऱ्याने तिला आमच्यात आणून बसवलं. तिची आई पुण्यात अचानक गेली, तेव्हापासून ती आईचं नावही काढत नव्हती. रडलीही नव्हती. ऑफिसचं काम घरून, दार कायम बंद. "काकू, मला भीती वाटते हो," नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला. मलाही वाटली.

ऑफिसने तिला मन शांत ठेवायचं ॲप दिलं होतं. सोलता सोलता ते बोललं, "टेक अ डीप ब्रेथ."

अक्का दचकल्या. "कोण गं ही?"

"ॲप आहे, अक्का. मनासाठी."

"तिला सांग, हात ओले आहेत."

मुग्धा हसली. किंचितच, पण हसली. रोज यायलाही लागली, पण आईचं नाव मात्र नाही.

*

मोसमाची शेवटची दुपार. उद्यापासून बसणं बंद आणि मुग्धाचं दारही बंद, एवढंच माझ्या डोक्यात होतं. परात तळाला आली होती. तेवढ्यात मान वर न करता मुग्धा म्हणाली, "मागच्या वर्षी आई आली होती. कठड्यावरून तुम्हाला बघत बसायची. म्हणायची, मी पण जाऊन बसू का गं? मी म्हटलं, ओळख ना पाळख, कशाला?"

ती सांगत राहिली. आईचं हसणं, आईची भाजी, आईचे हात. डोळ्यांतलं पाणी परातीत पडत होतं.

दाणे संपले. तिची बोटं परातीत चाचपडू लागली आणि आवाज अडखळला.

सरोजाक्कांनी शेजारचं सोललेल्या दाण्यांचं पातेलं उचललं आणि सगळंच्या सगळं परातीत ओतलं.

"हं," त्या म्हणाल्या, "मग?"

आम्ही सगळ्या ते दाणे पुन्हा सोलायला लागलो.