माझ्या स्टुलावरचा गोरा

आम्हाला इथे अंगोलात, लुआंडा शहरात, किंगिला म्हणतात. रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून लोकांचे डॉलर, युरो घ्यायचे आणि आमच्या देशाचे क्वांझा द्यायचे, नाहीतर त्याच्या उलट, हा आमचा धंदा. शब्द आमच्या किंबुंदू भाषेतला. अर्थ, वाट बघणारी. मी झुल्मिरा, औषधाच्या दुकानासमोर वाट बघता बघता माझे केस पांढरे झाले. समोरून येणारा माणूस डॉलर विकायला आलाय की घ्यायला, हे मला त्याच्या चालीवरून कळतं.

अबिलियो पहिल्यांदा आला तो विकायला. पोर्तुगालहून बांधकाम कंपनीत मुकादम म्हणून आलेला, उन्हाने लालबुंद झालेला, आणि तोरा असा की अख्खी गल्ली यानेच बांधलीय. पगार डॉलरमध्ये होता ना! माझ्याकडून क्वांझांची गड्डी घेऊन थेट सुपरमार्केटात गेला आणि काखेत खरबूज मारून बोंबलतच परत आला.

"झुल्मिराबाई, एका खरबुजाला एवढे पैसे? आमच्या गावात एवढ्यात मेंढी येते!"

"मग मेंढी खा, साहेब. ते खरबूज तुमच्याच देशातून विमानात बसून आलंय. त्याचं तिकीट कोण काढणार?"

खरबूज, चीज, ऑलिव्हचं तेल, खारवलेला मासा, सगळं विमानाने आलेलंच खायचा. आमच्या फुंजकडे, म्हणजे कसाव्याच्या पिठाच्या साध्या उकडीकडे, नाक मुरडायचा. नळाला पाणी नाही म्हणून टँकर, वीज नाही म्हणून जनरेटरला डिझेल, आणि दोन खोल्यांचं भाडं ऐकून तर मलाच घाम फुटला होता. कुरकुर करायचा, पण भरायचा.

"दोनच वर्षं, बाई. घराचं कर्ज फिटलं की निघालो."

कर्ज फिटलं. मग त्याच्या मुलीचं, लिडियाचं, कॉलेज आलं. ते झालं तेव्हा आमचा देश ज्यावर जगतो त्या खनिज तेलाचा भाव कोसळला आणि शहरातून डॉलर असा गायब झाला की बँकेतसुद्धा औषधाला मिळेना. कंपनी पगार क्वांझात द्यायला लागली. क्वांझाला देशाबाहेर कुत्रं विचारत नाही. काही महिन्यांनी अबिलियो येताना दिसला आणि मला लांबूनच कळलं, हा आज घ्यायला आलाय.

"सप्टेंबरात लिडियाचं लग्न आहे," तो म्हणाला. "हॉल आणि जेवण माझ्याकडून, असं सांगून बसलोय. लग्नाला जाणार आणि परत यायचंच नाही. साठवलेत तेवढ्या क्वांझांचे युरो हवेत."

भाव ऐकून त्याचा चेहरा उतरला. तरी त्या दिवशी त्याच्या पैशात दोन्ही बसत होतं, तिकीटही आणि लग्नाचा खर्चही.

"आजच घ्या, साहेब," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात भाव चढेल."

तो हसला. "सगळ्या किंगिला हेच म्हणतात."

खरंच होतं ते. आम्ही रोज, प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच म्हणतो. पण त्या दिवशी मी खरं बोलत होते, आणि खरं बोलायला माझ्याकडे वेगळे शब्द नव्हते. असा राग आला मला! धंद्याचा, त्याचा, माझ्या जिभेचा.

भाव उतरेल म्हणून तो थांबला. रोज कामावरून सुटला की येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचा आणि विचारायचा, "आज?" भाव चढतच गेला. तिकडे टँकरवाला, डिझेलवाला, घरमालक कुणी थांबत नव्हतं. साठवलेल्यातून पैसे निघत गेले. खरबूज सुटलं, चीज सुटलं, दोन खोल्यांची एक झाली. एके दिवशी मी माझ्या डब्यातली फुंज त्याच्यापुढे सरकवली. निमूट खाल्ली.

"कशी लागतेय?"

"स्वस्त लागतेय," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

ऑगस्टच्या शेवटी आला आणि म्हणाला, "द्या आता." आम्ही हिशेब केला. तिकीट तरी येत होतं, नाहीतर हॉल आणि जेवण.

"मी गेलो तर लग्न होत नाही," तो म्हणाला. "लग्न झालं तर मी जात नाही."

"पोरीला खरं सांगा. हॉल नसला तरी लग्न लागतं. बाप नको का तिला?"

"अकरा वर्षं मी तिला पैशांशिवाय काही दिलं नाही, झुल्मिराबाई. रिकाम्या हाताने दारात उभा राहिलो तर ती ओळखेल का मला?"

मी त्याला युरो दिले, माझा नफा न धरता, आणि ते त्याने गावाकडे निघालेल्या एका सोबत्याच्या हाती पाठवले.

लग्नाच्या दिवशी भर दुपारी तो सूट घालून आला. जायचं म्हणून आधीच शिवून ठेवलेला. खोलीवर नेटवर्क मिळत नाही म्हणे, म्हणून माझ्या स्टुलावर बसला. दुपारच्या धुळीत तो सूट बघवत नव्हता. फोनमध्ये चर्चचं दार दिसलं, मग पांढऱ्या कपड्यातली लिडिया.

"बाबा, दिसतेय का मी?"

"दिसतेयस गं, दिसतेयस..." आणि फोनमधले पैसे संपले.

"थांब अबिलियो, मी रिचार्ज आणते," मी म्हटलं आणि रस्ता ओलांडून धावले. त्याला साहेब म्हणायचंही राहून गेलं.

परत आले तर एक गाडी थांबली होती. आतून नवाकोरा गोरा डोकावत होता, उन्हाने लालबुंद, हातात डॉलर.

"इथे किंगिला कोण आहे?"

हे वाट बघायचं काम बायकांचं. पुरुष किंगिला मी जन्मात पाहिलेला नाही. मी तोंड उघडणार एवढ्यात, बंद फोन मांडीवर धरून बसलेल्या अबिलियोने हात वर केला.

"मी," तो म्हणाला.