पिस्ता रंगाचं चर्च

राहुरीजवळच्या आमच्या गावातलं चर्च मिशनच्या लोकांनी युरोपातल्या कुठल्याशा मध्ययुगीन कॅथेड्रलवर बेतून बांधलं होतं. उघड्या लाल विटा, टोकदार कमानी, उंच अरुंद खिडक्या. आत प्रत्येक कमानीच्या कडेने जमिनीपासून वर चढणारी द्राक्षाची वेल रंगवलेली होती. रंगवणारा गावचाच असावा, कारण द्राक्षांत मधूनमधून ज्वारीची कणसंही होती. गावात बघण्यासारखं तेवढं एकच होतं, आणि मान वर करून ते बघायचे कष्ट कुणी घेत नव्हतं.

दर नाताळाला कमानींमधल्या भिंतींना चुना लावायचा आणि वेलीला हात लावायचा नाही, अशी रीत होती. दुष्काळाच्या त्या वर्षी नाताळची तयारी माझ्याकडे होती, म्हणून चर्चच्या पंचमंडळाने मला बैठकीला बोलावलं. अध्यक्ष निवृत्त ओव्हरसियर. आयुष्यभर पाटाच्या मोऱ्या बांधल्यामुळे कमानींतलं आपल्याला सगळं कळतं, असा त्यांचा समज होता.

"बाई, चुन्याला पानी लागतं, आन् हितं प्यायला न्हाई. अवंदा ऑइलपेंट मारू. खालपासून वरपर्यंत, पिस्ता."

"आणि वेल?"

"लई जुनाट दिसतीय ती. शेजारच्या गावाचं चर्च बघा, कसं दवाखान्यावानी चकचकीत हाय."

चर्चकडून त्यांची एवढीच अपेक्षा होती. मी म्हटलं, "पाणी नाही तर या वर्षी रंगच नको. ऑइलपेंटखाली गेलेली वेल पुन्हा मिळायची नाही."

"बिनरंगाचा नाताळ?" पाळकसाहेब म्हणाले. मी येशूचा जन्मच रद्द करायला निघाले आहे, असा त्यांचा चेहरा झाला. "लोक काय म्हणतील, बाई?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यासाठीच ते येत.

राहुरीहून ट्रक रंगवणारा पेंटर आला. दोन दिवसांत वेल आणि विटा पिस्त्याखाली गेल्या. मग तो अध्यक्षांना म्हणाला, "कमानी लई सपाट दिसत्यात. वरनं इटा काढून देऊ का?" अध्यक्ष खूश. खऱ्या विटांवर रंग आणि त्या रंगावर खोट्या विटा!

शेवटच्या कमानीला टेकून गीतपुस्तकांचं सागवानी कपाट होतं. ते हलवायला मंडळातला एकही जण आला नाही. पेंटरने कपाटाच्या कडेने ब्रश फिरवला आणि तो मोकळा झाला. मी फटीतून पाहिलं. मागे वेल होती, कणसांसकट.

मी लगेच कपाटाची जबाबदारी मागून घेतली. कुणालाच ती नको होती. फाटकी गीतपुस्तकं, पितळी मेणबत्तीदाण्या, तडकलेली घंटा, सगळं मी त्यात कोंबलं.

पुढच्या नाताळाला पेंटरने विचारलं, "बाई, ह्ये सरकवू का?"

"सरकव की."

त्याने खांदा लावून पाहिला, कपाटाकडे एकदा रागाने बघितलं आणि डबा उचलून पुढच्या भिंतीकडे गेला.